कोल्हापुरात घरासाठी प्लॉट: आधी पाणी, मग कागद, भाव शेवटी

एका जोडप्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला, बायको शाळेत शिक्षिका, सध्या जवाहरनगरात भाड्याने राहतात. दीड-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा शोध वर्षभर चालू आहे. पसंत पडलेली जागा विचार करेपर्यंत दुसरा कुणीतरी घेऊन जातो. आता समोर दोन जागा आहेत. एक शिंगणापूरच्या बाजूला, दोन गुंठे, खिशाला परवडणारी. सातबारा सामाईक आहे आणि ‘पुढे एन.ए. (बिनशेती) होऊन जाईल’ असं मध्यस्थ सांगतो. दुसरी मोरेवाडीच्या चढावर, मंजूर ले-आउटमधली, साडेतेराशे चौरस फुटांची, पण बजेटच्या बाहेर. घ्यावं, थांबावं, की फ्लॅटकडे वळावं?

माझं मत आधीच सांगतो. शिंगणापूरची जागा सोडा. मोरेवाडीच्या जागेसाठी जोर लावा, आणि ती नाहीच जमली तर शोधायची पद्धत बदला. घरांचे आराखडे करणं, प्लॉट पाहायला जाणं, मोजणीच्या वेळी बांधावर उभं राहणं हे माझं रोजचं काम आहे. त्यातून जे दिसलं त्यावरून हे मत आहे.

कोल्हापुरात जागेची इतकी ओढाताण का, हे आधी समजून घ्या, म्हणजे कुठे शोधायचं तेही कळेल. १९७२ मध्ये महानगरपालिका झाली, पण हद्द वाढली नाही. शहर अजून साधारण ६७ चौरस किलोमीटरमध्येच दाटीवाटीने बसलं आहे. पेठा केव्हाच भरल्या. उत्तर आणि पश्चिम बाजूला पंचगंगा, तिच्या काठची सपाट काळी रानं पुराची. त्यामुळे घर बांधू पाहणारा प्रत्येक जण दक्षिणेला आणि आग्नेयेला वळतो: कळंबा, पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडी, उजळाईवाडी. ही गावं महापालिकेत नाहीत. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, ते या शहराभोवतालच्या पट्ट्यासाठी. म्हणजे जागा विकणारा गावचा, परवानगी प्राधिकरणाची, पाणी-रस्ता ग्रामपंचायतीचा, आणि राहणारा माणूस मनाने शहरातला. या सांध्यात बरेच व्यवहार अडकतात.

जमीन विकायला काढलेली भरपूर आहे, कोणत्याही रविवारी फेरी मारा, फलक दिसतील. पाण्याच्या वर आणि कागदात स्वच्छ, अशी जमीन मात्र थोडी आहे, आणि ओढाताण आहे ती त्या थोड्या जमिनीसाठी. म्हणून भाव विचारण्याआधी या दोन चाळण्या लावा. आपण उलटं करतो: भाव परवडला की जागा आवडते, आणि एकदा आवडली की कागदातल्या खोटी बारीक वाटायला लागतात.

पाण्यापासून सुरुवात करू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात, हे पावसाळ्यात आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाटबंधारे खात्याने नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत घर बांधताच येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. ऐकायला हे दीड फूट वाटतं. पण तुमची जमीन लाल पातळीच्या सहा फूट खाली असेल तर जोतं साडेसात फूट उचलावं लागतं. तेवढा भराव किंवा तेवढे खांब यांचा खर्च धरला की ‘स्वस्त’ प्लॉटची स्वस्ताई तिथेच संपते. शिवाय घर वर राहिलं तरी गाडी, सायकल, पाण्याची मोटर, सेप्टिक टँक खालीच.

झोन दाखला आणि भाग नकाशा मागवला की प्लॉट कोणत्या विभागात आहे आणि पूररेषेत येतो का हे कागदावर मिळतं. रेषा वेळोवेळी सुधारल्या जातात, म्हणून विक्रेत्याकडचा चार वर्षांपूर्वीचा दाखला चालवून घेऊ नका, आपल्या नावाने नवा काढा. आणि कागदावर थांबू नका. प्लॉटच्या जवळच्या किराणा दुकानात, गिरणीत, तालमीत जा आणि विचारा, ‘एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. एकाला विचारू नका, तिघांना विचारा, आणि २००५, २०१९, २०२१ असं एकेक साल वेगळं विचारा. विकणाऱ्याच्या भाऊबंदाला सोडून कुणालाही विचारा.

पूर फक्त नदीकाठी येतो असंही नाही. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागे फिरतं आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा, नदी डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात घुसतं. उपनगरांत असे छोटे ओढे पुष्कळ आहेत. ले-आउट टाकताना त्यांना पाइपात घातलेलं असतं, आणि ओढा विसरलेला असला तरी पाऊस विसरत नाही. जुन्या गाव नकाशावर ओढ्याची दुहेरी रेघ असते. तो नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, काढून प्लॉट त्यावर बसवून बघा.

आणखी एक. प्लॉट कोरडा राहील, पण तिथे जायचा रस्ता? २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराकडे येणारी मोठी वाहतूक थांबली. रत्नागिरी रस्ता केर्लीला बुडतो, गगनबावडा रस्त्याला बालिंग्याचा पूल आहे. त्याच पुरात शिंगणापूर, बालिंग्याचे उपसा पंप पाण्यात गेले आणि गळ्यापर्यंत पूर असताना लोक पिण्याच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत उभे राहिले. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर या प्रश्नाचं वजन भावाइतकंच धरा. तुम्ही सांगितलेली शिंगणापूरकडची जागा नदीच्या अंगाला आहे, एवढ्यावरच मी ती बाजूला ठेवली असती.

पण तिचा खरा रोग कागदातला आहे. सामाईक सातबारातले दोन गुंठे म्हणजे काय, हे नीट बघा. एका गटात पंधरा-वीस नावं, प्रत्येकापुढे क्षेत्र, पण कुणाचे गुंठे कुठे हे जमिनीवर ठरलेलं नाही. विकणारा बोट दाखवून ‘हा तुमचा तुकडा’ म्हणतो. कागदात तुम्हाला मिळतो तो त्या अख्ख्या गटातला अविभाज्य हिस्सा. उद्या वाटप झालं तर तुमचे गुंठे विहिरीवर किंवा पाणंदीत निघू शकतात. त्यातून जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर आपल्याकडच्या कुळ कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय ती तुम्हाला सहसा घेता येत नाही. ठराविक क्षेत्राहून लहान तुकडा विकू न देणारी तुकडेबंदी आहेच: २०२३ पासून बागायतीचं किमान क्षेत्र १० गुंठे आणि जिरायतीचं २० गुंठे आहे.

इथे मध्यस्थ म्हणेल, ‘तुकडेबंदी आता शिथिल झाली, गुंठेवारी नियमित होते.’ त्यात तथ्य आहे. शहरी आणि प्राधिकरण क्षेत्रातले जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करायची वाट शासनाने अलीकडे मोकळी केली आहे, आणि गुंठेवारी कायद्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांनी विकलेले प्लॉट, शुल्क भरून नियमित करता येते. पण ही सवलत जुन्या तुकड्यांसाठी आहे, आज नव्याने पाडलेल्या तुकड्याला ती लागू पडत नाही. आणि व्यवहार नियमित होणं वेगळं, बांधकाम परवानगी मिळणं वेगळं. परवानगीला पोहोचरस्ता लागतो, विभाग रहिवासी लागतो, पूररेषेचा अडथळा नसावा लागतो. या तिन्हीपैकी एक जरी अडलं तर नाव सातबारावर असूनही वीट रचता येत नाही. बँक तर दारातच उभं करत नाही. नोटरी केलेल्या कागदावर आणि मुखत्यारपत्रावर आयुष्याची पुंजी लावलेली कुटुंबं मी बघतो, आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतं. कारण ती माणसं हावरी नसतात, भाड्याला आणि चढत्या भावाला कंटाळलेली असतात.

‘गावठाणाला लागून आहे, एन.ए. लागतच नाही’ हे दुसरं नेहमीचं वाक्य. महसूल कायद्याप्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळ्या बिनशेती परवानगीची गरज राहिली नाही, पण शासनाने ठरवलेली रक्कम भरून तसा कागद घ्यावा लागतो, आणि योजनेतला विभागही अनुकूल लागतो. तो कागद दाखवा म्हणा. नसेल तर ती जमीन आजच्या घडीला शेतीच आहे असं धरून बोला.

चांगला कागद कसा दिसतो, तेही सांगतो. ले-आउटमधल्या प्लॉटसाठी अंतिम मंजूर रेखांकन हवं; तात्पुरत्या मंजुरीवर बुकिंग घेणारे असतात, त्यांना पैसे देऊ नका. बिनशेती आदेश किंवा सनद हवी. त्यानंतर कमी-जास्त पत्रक (मोजणीनंतर क्षेत्राची विभागणी नोंदवणारा कागद) होऊन प्रत्येक प्लॉटचा सातबारा स्वतंत्र झालेला हवा. शहर हद्दीत असाल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड. आपल्याकडे जुन्या दस्तांत रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) लिहिलेला असतो आणि नव्यात गट किंवा सिटी सर्व्हे नंबर. हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते वकिलाकडून लेखी घ्या. ले-आउट नवा असेल, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. एक एकरच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. नकाशातली ती जागा प्रत्यक्षात आहे का बघा. कधी कधी तिचाच प्लॉट करून विकायला काढलेला असतो.

सातबारावर सगळ्यांत आधी डोळा जावा तो भूधारणा पद्धतीवर आणि ‘इतर हक्क’ या रकान्यावर. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी जमीन, असेल तर पुढे जा. वर्ग २ असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा यांशिवाय हात लावू नका. कोल्हापूर हे संस्थान होतं, देवस्थानांचं गाव आहे. वतनाच्या आणि देवस्थान इनामाच्या जमिनी इथे करवीर तालुकाभर पसरल्या आहेत. देवस्थान इनामाची जमीन कसणारा विकू शकत नाही, कितीही पिढ्या तो ती कसत असला तरी. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वाटपाचा दावा, सगळं ‘इतर हक्क’ मध्ये दिसतं. तिथे जे दिसत नाही त्यासाठी ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, आणि मागचे सगळे फेरफार. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावाने दावा आहे का तेही बघता येतं.

आता बहिणींबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे सर्वांत जास्त व्यवहार मोडतात. वडिलार्जित जमिनीत मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो पक्का झाला. विकायला भाऊ येतात आणि म्हणतात, ‘बहिणींचं काय नाही, त्या सही देतील.’ ते ‘देतील’ तुम्ही गृहीत धरू नका. हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, किंवा बहिणी स्वतः खरेदीपत्रावर सहीला हव्यात. शक्य असेल तर त्यांना एकदा भेटून या, कागलला असोत की पुण्याला. मी नेहमी घरच्या बाईमाणसाला बरोबर न्यायला सांगतो. चहा पिता पिता ‘ताई, तुम्हाला हे मान्य आहे ना?’ एवढंच विचारायचं. एखादी गप्प बसली, तर तो नकार समजा. बहिणीला फसवून विकलेल्या जमिनीवर घर बांधू नये, असं मला मनापासून वाटतं. कोर्टाचा त्रास टळतो हा भाग वेगळा.

मोरेवाडीचा तुमचा प्लॉट चढावर आहे. पुराची काळजी नाही, खाली मुरूम आणि कातळ असण्याचीच शक्यता जास्त. याचा पाया काळ्या मातीपेक्षा स्वस्त पडतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरच्या भिंतीही तशाच तडकतात. उसाच्या रानात पडलेल्या प्लॉटवर मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं आणि त्याचा खर्च बजेटमध्ये कुणी धरत नाही. म्हणून महाग प्लॉट आणि स्वस्त प्लॉट यांची तुलना करताना जोत्यापर्यंतचा खर्च धरून करा. तुमच्या बाबतीत तसं केलं तर दोघांतला फरक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघेल. चढावर तपासायचं ते वेगळं: पाणी कोणत्या योजनेचं येतं आणि उन्हाळ्यात किती दिवसांआड, रस्त्याचा चढ पावसात दुचाकीला झेपतो का, वरच्या प्लॉटचं सांडपाणी तुमच्याकडे उतरतं का. डोंगराच्या कडेला जुन्या दगडाच्या खणी बुजवून सपाट केलेले प्लॉटही असतात. जेसीबीने दोन खड्डे घेऊन बघा. तासाभराचं काम आहे, आणि विकणारा नको म्हणाला तर त्यातच उत्तर मिळालं. विमानतळ जवळ असल्यामुळे उंचीची मर्यादा एकदा विचारून घ्या, दुमजली घराला सहसा अडचण येत नाही.

साडेतेराशे चौरस फूट म्हणजे सव्वा गुंठ्याच्या जवळपास. दोन गुंठ्यांचा हट्ट सोडायला तुम्ही तयार असाल, तर चौघांचं घर यात नीट बसतं. वर एक मजला पुढे मुलीसाठी चढवता येतो. १५० चौरस मीटरपर्यंतच्या मंजूर प्लॉटवर बांधकाम परवानगीची पद्धतही २०२० च्या एकत्रित नियमावलीने सोपी केली आहे. पैसे कमी पडत असतील तर आधी फक्त प्लॉट घ्या आणि तीन-चार वर्षं भाड्यातच काढा. प्लॉट आणि घर एकदम करायच्या नादात माणसं कागदाशी तडजोड करतात.

हा प्लॉटही गेला, तर फलक आणि मोबाइलवरच्या जाहिराती बघणं कमी करा. तिथे येईपर्यंत चांगली जागा विकली गेलेली असते, आणि उरलेली का उरली ते तुम्हाला कळत नाही. दोन किंवा तीन वसाहती पक्क्या करा, जास्त नको. मग जुन्या ले-आउटमध्ये पायी फिरा. तीस-चाळीस वर्षांपूर्वी गृहनिर्माण संस्थांनी पाडलेल्या प्लॉटपैकी काही अजून मोकळे आहेत. मालक मुंबई-पुण्याला किंवा परदेशी, कुंपणात बाभळी आणि गाजरगवत. शेजाऱ्यांना नाव विचारा, ले-आउटमधला प्लॉट नंबर लिहून घ्या, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन काढा. संस्थेच्या सचिवाकडे पत्ता असतो. मग साधं, हाताने लिहिलेलं पत्र पाठवा: आम्ही कोण, नोकरी काय, घर स्वतःला राहायला बांधायचं आहे, विकायचा विचार झाल्यास कळवा. लगेच उत्तर येईल असं नाही. पण गावाकडची जागा बिल्डरला द्यायला नको वाटणारी बरीच म्हातारी माणसं आहेत, आणि त्यांना तुमच्यासारखं कुटुंब हवं असतं. अशा प्लॉटवर घरफाळ्याची किंवा बिनशेती साऱ्याची थकबाकी असते, ती भावात वळती करून घ्या. आणि शेजाऱ्याने दोन-तीन फूट आत भिंत घातलेली असणं नेहमीचंच, म्हणून हद्दकायम मोजणी खरेदीआधीच.

दुसरा मार्ग, चार-पाच गुंठ्यांचा मंजूर प्लॉट दोन कुटुंबांनी मिळून घ्यायचा. मोठ्या प्लॉटला गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे घासाघीस करता येते. पण पोटविभागणी आधी मंजूर करून घ्या आणि खरेदीपत्रं दोन वेगळी करा. मित्रांतल्या तोंडी वाटणीवर घर बांधू नका.

गावात सांगून ठेवा. तलाठी, संस्थेचा क्लार्क, सेंट्रिंगवाला, बोअर मारणारा, दूध घालणारा अण्णा, या लोकांना कोण विकणार हे विकणाऱ्याच्या आधी कळतं. मध्यस्थ ठेवलात तर दलाली किती आणि कधी, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. ती खरेदीपत्राच्या दिवशीच द्यायची.

‘विचार करेपर्यंत जातो’ या तक्रारीवर उपाय आहे, पण तो जागा दिसायच्या आधी करायचा असतो. बँकेत जाऊन प्लॉटसाठी आणि बांधकामासाठी किती कर्ज बसतं ते लिहून आणा. वकील आत्ताच ठरवा आणि त्याला सांगा की सर्च आठवड्यात हवा. मग जागा पटली की त्याच दिवशी लहान रकमेचा इसार चेकने द्या आणि इसार पावतीत तीन ओळी घाला: कागद पंधरा दिवसांत स्वच्छ निघाले तर साठेखत (खरेदीचा करार) होईल, खोट निघाली तर इसार परत मिळेल, तोवर विकणारा दुसऱ्याशी बोलणार नाही. ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हणणारा खरा विकणारा असेल तर या अटींना नाही म्हणत नाही. या पंधरा दिवसांत स्थानिक दैनिकात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या. लपलेला हक्कदार असेल तर तो पुढे येतो. रकमेतला काही भाग रोख मागितला तर सरळ नाही म्हणा. कर्ज दस्तातल्या किमतीवरच मिळतं, आणि पुढे व्यवहार फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा राहत नाही. मुद्रांकाशिवाय एक टक्का नोंदणी फी लागते, तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे.

खरेदी झाल्यावर इंडेक्स टू, म्हणजे खरेदी नोंदल्याचा उतारा, हातात पडला की काम संपलं असं समजू नका. फेरफाराची नोंद मंजूर होऊन सातबारावर तुमचं नाव येईपर्यंत तलाठ्याकडे चौकशी चालू ठेवा. मोजणीच्या खुणांवर लगेच दगड रोवून तारेचं कुंपण घाला, नावाचा फलक लावा, खुल्या जागेचा कर स्वतःच्या नावाने सुरू करा. आणि पहिल्या पावसाळ्यात, पाऊस जोरात असताना, छत्री घेऊन जाऊन पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा. आराखडा काढताना मला ते लागेल.